फुकट पाण्याचे रांजण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का. हा किस्सा जसजसा पुढे जातो, तसतसं मलाच हसू येईनासं होतं.

मला दचकायला कारण लागत नाही. कॉलेजच्या चार वर्षांत मी तासाच्या घंटेला रोज दचकले. मग त्या रविवारी दुपारी, बारामतीच्या पत्र्याच्या नाटकगृहात, मध्यंतराला एक म्हातारी दाराशी पाण्याचा पैसा घेताना दिसली, तेव्हा मी किती दचकले असेन? पाणी, आणि विकत! आत पत्रा असा तापलेला, की नायिका रडतेय की घामाने निथळतेय ते कळत नव्हतं.

ती भागूबाई. डाळज गावाहून आलेली, एकटी. लांबच्या आडावरून हंडे वाहून आणायची आणि उभ्यानं तांब्यातून लोकांच्या ओंजळीत ओतायची. कुणाला जवळून, कुणाला हात लांब करून, पण ओतायची सगळ्यांना. पैसा देईल त्याचा घ्यायची, नाही दिला तर मागायची नाही. हे मला नंतर कळलं. आधी विचारावं, एवढं मात्र कॉलेजात शिकले नव्हते!

त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. चांगली नऊ पानं! करमणुकीच्या प्रत्येक जागी फुकट पाणी हा प्रजेचा हक्क आहे, त्याला कायद्याचं बळ हवं, इत्यादी. माझे वडील वकील. अप्पांनी नऊ पानं वाचली, आठ बाजूला ठेवली आणि नववं म्युनिसिपालिटीत नेऊन दिलं. मला वाटलं, तिथेच धूळ खात पडेल. तर महिन्याभरात नियम झाला की हो! नाटकगृहानं पाण्याचे रांजण भरून ठेवायचे, आणि दाराशी पाणी विकायला कुणी बसायचं नाही.

मी आठवडाभर तरंगत होते. मग एक दिवस भागूबाई आमच्या ओसरीवर येऊन बसली. मी दौत सांडली.

कुणी तरी अर्ज करून तिला उठवलं होतं. कुणी, ते तिला ठाऊक नव्हतं. वकिलांची मुलगी शिकलेली आहे असं ऐकून ती माझ्याकडेच उलटा अर्ज लिहून घ्यायला आली होती.

"पाणी कोण इकतंय, ताई? ते देवाचं हाय," ती म्हणाली. "मी वडून आणती, वतती. त्याचं कुनी दिलं तर घेती. आन् ज्यानं ह्ये लिवलं, त्येला कदी तहान लागलीच न्हाय का?"

ते मीच लिहिलं, हे सांगायचं होतं हो मला. पण म्हणाले, असा अर्ज चालत नाही. वकिलाची मुलगी म्हणतेय म्हणजे खरंच असेल, असं वाटून ती माझ्याच सांडलेल्या शाईवर पदर फिरवून उठली. दुसऱ्या दिवशी डाळजला परत गेली, असं कळलं.

पुढच्या खेळाला मी मुद्दाम गेले. दाराशी दोन मोठे रांजण, साखळीला बांधलेलं पितळी भांडं. मध्यंतर झालं. माणसं यायची, रांजणाकडे बघायची, भांड्याकडे बघायची आणि आवंढा गिळून परत जायची. हे भांडं आधी कुणी बुडवलं, कुणी तोंडाला लावलं, कुणास ठाऊक! ओतणारं कुणी नव्हतंच.

माझ्या अर्जात प्रजा सगळी एक होती. मी पुढे झाले. घसा कोरडा ठणठणीत. भांडं बुडवलं, वर उचललं. आणि हात तिथेच थांबला. कुणाचं असेल हे उष्टं?

भांडं परत ठेवलं. मागे व्यवस्थापक उभा होता.

"प्या की ताईसाहेब. सकाळी भरलंय, अजून काठोकाठ हाय."

"मला तहान नाही," मी म्हणाले.

तो रांजणावर झाकण ठेवत म्हणाला, "व्हय. सगळी आसंच म्हणत्यात."