सात राज्यं आणि बंद लिफ्ट

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या ताईंना टाळून रायपुरात कुणी पदवी घेतली असेल, यावर माझा विश्वास नाही. फाटकातून नवा माणूस शिरला की त्या त्याला गाठत. मग तो प्रवेशासाठी आलेला पोट्टा असो की पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, 'ही लायब्ररी आहे ना, इथं आधी तळं होतं' इथून सुरुवात होई आणि गाडी महानदीच्या उगमापर्यंत गेल्याशिवाय सुटका नसे. एकदा पंडरीच्या कापडबाजारात साड्या बघताना त्यांनी दुकानदारानं पसरलेल्या साडीच्याच पदरावर बोट फिरवून छत्तीसगडचा नकाशा समुद्रघोड्यासारखा कसा दिसतो ते समजावलं. तो बिचारा 'हव दीदी, हव दीदी' म्हणत राहिला. चुकीची माहिती मात्र त्यांना सोसत नसे. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी राज्यपशू वाघ आहे असं सांगितलं, तर ताई जेवता जेवता उठल्या. 'वाघ नाही, रानम्हैस! वनभैंसा म्हणा, वनभैंसा!'

परीक्षेचे दिवस होते, आम्हा दोघींची वरच्या मजल्यावर देखरेखीची पाळी होती. ताईंचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो. सोबत अभनपूरची, पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. दोन मजल्यांच्या मध्येच वीज गेली. अंधार झाला, पंखा थांबला. घंटा वाजेना, मोबाईलला रेंज नाही. मी दार बडवायला लागले. मुलगी भिंतीला घसरत खाली बसली.

'मैडम, सांस नहीं आ रही.'

ताई गुडघे विसरून तिच्याशेजारी बसल्या.

'काहून घाबरून राहिली? फटीतून हवा येऊन राहिली. मले सांग, आपला राज्यपक्षी कोणता? कावळा ना?'

मी दार बडवायची थांबले. ताईंच्या तोंडून कावळा!

'नहीं मैडम...' मुलीनं धापा टाकत दुरुस्त केलं. 'मैना. पहाड़ी मैना.'

'हं. आता आपल्याले लागून असलेली राज्यं सांग. एक श्वास, एक राज्य.'

'महाराष्ट्र...' मोठा श्वास. 'ओडिशा...' पुन्हा श्वास. तेलंगणापाशी ती अडली. ताईंनी सुचवलं नाही, नुसता तिचा हात दाबला. तिचं तिलाच आठवलं. सातही राज्यं झाली तरी दार बंदच. ताई म्हणाल्या, 'आता उलटी सांग.' ती सांगत राहिली, मी बडवत राहिले, आणि अखेर बाहेरून आवाज आला, 'कोन हे भीतर?' कुणीतरी पहार घालून दार फाकवलं. आधी मुलीला वर ओढून घेतलं.

ती ओट्यावर पाणी पीत बसली. ताई मात्र जिन्याच्या पायरीवरून उठेनात. साडी घामानं चिंब झाली होती.

'ताई, किती शांत राहिलात तुम्ही!'

'कायची शांत! मले तं एकही राज्य आठवत नोयतं. ते सांगत होती, मी ऐकून राहिली होती.' आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

या उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन अमरावतीला लेकाकडे गेल्या. नवी मुलं फाटकातून सरळ आत जातात, त्यांना कुणी अडवत नाही. मीही आता चौबे कॉलनीतल्या घरी वेळेवर पोचते. घरच्यांना बरं वाटतं.