आप्पांचा चहा

"बसा ना, सोपानराव," मी पुन्हा म्हणाले. पंचावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस माझ्या केबिनमध्ये एका रिकाम्या खुर्चीसमोर हात बांधून उभा होता.

"वडलांम्होरं खुर्चीत कसं बसू, मॅडम?"

आली का पंचाईत!

मी पिरंगुटला सायकॉलॉजिस्ट आहे. जवळच्या नांदे गावचे सोपानराव डिप्रेशनसाठी यायचे. गोळ्या सायकियाट्रिस्टच्या, बोलणं माझ्याकडे. दिवसदिवस अंथरुणातून उठत नव्हते. "हे आसंच ऱ्हायले तर हातचे जातील," असं त्यांची बायको सुमनताई रडून सांगून गेल्या होत्या. लहानपणी आप्पांचा, म्हणजे वडलांचा, बेदम मार. आप्पा कधीच वारले, धाक मात्र जागच्या जागी. अशा वेळी आम्ही 'एम्प्टी चेअर' करतो. समोरच्या रिकाम्या खुर्चीत तो माणूस बसलाय असं समजायचं आणि साचलेलं बोलून टाकायचं. पुस्तकात फार सोपं आहे.

सोपानराव शेवटी फरशीवर बसले.

"बोला आता."

"आदी चा सांगा त्यांना. चा बिगर आप्पा कुनाचं ऐकत न्हाईत."

बाहेर बसलेल्या सुमनताई टपरीवरून चहा घेऊन आल्या. खुर्चीकडे पाहून त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "मामंजी आल्यात व्हय?" कप खुर्चीवर ठेवून त्या पाठ न दाखवता बाहेर गेल्या. माझ्याच केबिनमध्ये माझ्यापेक्षा आप्पांचा मान मोठा! मी हसू दाबलं.

चहावर साय धरली. सोपानराव चुळबुळायला लागले.

"गार व्हतुया. गार चा न्हाई चालत त्यांना."

"मग काय करतील?"

सोपानराव खुर्चीकडे बघून बोलले, "गोठ्यात कोंडलंत, आप्पा. रातभर. रानात आनूस्तवर चा गार झाला म्हनून. सात वर्सांचा व्हतो मी. लई भ्यालो व्हतो." आवाज चढत गेला. दाराशी पदर दिसला. माझेही डोळे भरले. आम्ही डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नसतं, पण आलं.

सोपानराव उठले. आप्पांचा कप उचलून त्यांच्यासमोर, आपल्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि तो गार चहा पिऊन टाकला.

एका चहानं डिप्रेशन जात नाही. उपचार चालू आहेत, पण सोपानराव आता सकाळी उठून शेतावर जातात. परवा सुमनताई तक्रार घेऊन आल्या. "हे आता चा गार करूनच पित्यात, आन् आमाला बी थांबाया लावत्यात. ह्याच्यावर काय गोळी हाय का?"

गोळी नाही. मी मात्र तेव्हापासून रिकाम्या खुर्चीसाठी एक चहा जास्त सांगते.