म्हाळाचा उष्टा वडा

रुक्मिणीकाकी चुलीपुढे बसून वडा खात होती. म्हाळाच्या दिवशी, सकाळी, माझ्या काशिनाथकाकांच्या नावाची वाडी ठेवायच्या आधी! तोंडात एक वडा, हातात अर्धा खाल्लेला दुसरा आणि पुढ्यात काळ्या वाटाण्याच्या सांबाराची वाटी. मी दारातच खिळून उभा राहिलो. मागून माझी बायको गौरजा आली आणि तिच्या हातातली केळीची पानं खाली पडली.

दुसऱ्या कुठल्या बाईनं खाल्ला असता तर मी म्हटलं असतं, चालायचंच. पण रुक्मिणीकाकी! मिठबावहून लग्न होऊन ती आमच्या आचऱ्याच्या घरात आली, तेव्हापासून या घरातले पितर तिच्या ताब्यात. म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. त्या दिवशी पितरांचं पान वाढायचं, त्याला आम्ही वाडी म्हणतो. ती बाहेर ठेवायची, कावळा शिवला की मग भाऊबंद जेवणार आणि बायका सगळ्यांत शेवटी. त्याआधी कोणी घास घेतला तर जेवण बाटलं. काकी सांबाराचं मीठसुद्धा चाखायची नाही, वासावरून ओळखायची. लहानपणी मी वड्याला नुसता हात लावला म्हणून तिनं उलथन्याचा फटका दिला होता. अशी ही बाई.

तिची एकुलती एक मुलगी दीपिका अमेरिकेत ह्यूस्टनला असते. तिनं हट्टानं आईला नेलं होतं. चतुर्थी चुकली तरी काकी काही बोलली नाही, पण म्हाळ चुकायचा नाही, म्हणून एकटी विमानात बसून परत आली. काकांना मुलगा नाही, त्यामुळे म्हाळ मी, पुतण्या, घालतो. पण खरी यजमानीण तीच.

आल्यापासून मात्र तिचं काही खरं नव्हतं. भर दुपारी सुपारी सोलता सोलता मान टाकायची आणि तोंड उघडं टाकून घोरायची. हलवून उठवलं की विचारायची, "उजाडला?" पाय सुजलेले, पोट साफ नाही, डोकं जड. एकदा चहात मीठ घातलं. एकदा माझ्याकडे बघून "अहो" म्हणाली, आणि मग स्वतःच घाबरली. गौरजानं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मी शिकलेला माणूस, शाळेत विज्ञान शिकवतो, मी लिंबूसरबत दिलं. दोन्हीचा सारखाच उपयोग झाला.

आणि आता हे.

"काकी, काय केलंस गो ह्या?" मी ओरडलोच.

तिनं हातातल्या अर्ध्या वड्याकडे पाहिलं. तो हात दुसऱ्याच कोणाचा असावा तशी ती बघत होती. "माका कळलाच नाय रे," ती म्हणाली. "पोटात असो आगडोंब उठलो, डोळ्यांफुडे काळोख इलो. हात खंय गेलो ता माका म्हायत नाय." तोंडातला घास तिनं राखेत थुंकला आणि रडायला लागली.

गौरजा माझ्यापेक्षा शहाणी. तिनं दीपिकेला फोन लावला. दीपिकेचा आवाज चुलीपर्यंत ऐकू येत होता.

"आये, रडतंस कित्याक? आमी आताच जेवून उठलों. तुझा पोट अजून हयच आसा! झोपेचा, पोटाचा, आंगात सगळ्यांचा आपापला घड्याळ आसता. विमान भुर्रकन थंय पोचता, आंग मागे ऱ्हवता. हळूहळू येतला. माका पण हय इल्यार असाच झालेला."

काकीचं रडणं बंद झालं. चेहरा पांढराफटक पडला. "पोटाक घड्याळ आसता?" तिनं विचारलं.

"आसता गो, आये."

काकी चुलीपुढून उठायला गेली आणि परत खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. पण मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

काशिनाथकाका बोटीवर आचारी होते. काम संपलं की बोट जिथल्या बंदरात असेल तिथून कंपनी त्यांना विमानानं घरी पाठवायची. आले की पहिले काही दिवस दिवसा ढाराढूर झोपायचे आणि भलत्या वेळी डबे हुडकायचे. काकी म्हणायची, बोटीवर ढोसायची सवय लागली आहे. काका दारूला शिवत नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. एकदा ते अमेरिकेच्या बंदरातून थेट आजीच्या म्हाळाला आले. मी तेव्हा कॉलेजात होतो. भाऊबंद अंगणात जमलेले, आणि काका याच चुलीपुढे वडे खाताना सापडले. काकीनं सगळ्यांसमोर त्यांना बाहेर ओढलं. बिचारे हात जोडून सांगत होते, "अगो, माझ्या पोटात आता रातच्या जेवणाचो वखत झालो हा!" त्यावर काकी कडाडली होती, "पोटाक काय घड्याळ आसता?"

अंगण हसलं. आमच्या भावकीतल्या बाबलीकाकांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, हावरो काशी. मालवणी माणसानं ठेवलेलं नाव आणि फणसाचा चीक, एकदा लागला की निघत नाही. काका मेले तेव्हा तिरडी बांधतानासुद्धा कोणीतरी म्हणालं, हावरो काशी गेलो रे. चारचौघांत काकीही त्यांना तेच म्हणायची.

"हे ह्याच सांगत होते रे," काकी पुटपुटली. "हात जोडून सांगत होते."

मी म्हटलं, झालं ते झालं, सगळं नव्यानं करू, कोणाला सांगायची गरज नाही. गौरजा पीठ मळायला बसलीसुद्धा. नवे वडे झाले, नवं सांबार झालं, भाऊबंद अंगणात येऊन बसले. मी वाडी वाढून बाहेर निघालो, तर काकीनं पान माझ्या हातातून काढून घेतलं. पदराआडून तो अर्धा खाल्लेला वडा काढला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाडीवर ठेवला.

"रुक्मिणी!" बाबलीकाका उठून उभे राहिले. "पितरांक उष्टा घालतंस?"

"होय," काकी म्हणाली. "बाबलीभावजी, आज मिया सगळ्यांच्या आधी खाल्लंय. वाडयेच्या आधी. माका काय नाव ठेवूचा ता ठेवा. पण ह्यांचा ता नाव आजपासून कोणी तोंडार हाडूचा नाय."

माझे तर कान गरम झाले. जी गोष्ट मी झाकायला निघालो होतो, ती या बाईनं पानावर वाढून दाखवली!

आता कावळ्याचं सांगायला हवं. काका गेल्यापासून त्यांचा कावळा कधी वेळेवर आलेला नाही. दरवर्षी मी गडग्यापाशी, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणापाशी, उभा राहून वाटेल ती वचनं द्यायचो. दीपिकेक सांभाळतलंव, माडांक शिपणा घालतलंव. भाऊबंदांची पोटं गुरगुरायची, काकी ओटीवर सुकल्या तोंडानं बसून राहायची, आणि शेवटी वाडी गाईला घालावी लागायची. काय राहिलंय या माणसाचं, म्हणून मी मनातल्या मनात काकांवर चिडायचो. आज तर उष्टं पान. मी दिवसभराच्या उपासाची तयारी ठेवली.

काकीनं वाडी गडग्यावर ठेवली. वाकून अगदी हळू म्हणाली, "तुमची भूक खरी होती. मियाच ती खोटी ठरवलंय."

तिनं हात काढला नव्हता तोच माडावरून कावळा उतरला. खिरीकडे बघितलं नाही, भाजीकडे बघितलं नाही. तो अर्धा वडा चोचीत धरला आणि गेला.

मी आ वासून बघत राहिलो. भुकेला असेल कावळा, मी विज्ञान शिकवतो, मला कळतं. पण माझे हात आपोआप जोडले गेले. बाबलीकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

काकी मात्र हलली नाही. रिकाम्या जागेकडे बघत होती. मी तिचा दंड धरला, तेव्हा ती माझ्याकडे वळली. इतकं हबकलेलं मी तिला काका गेले त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"माका वाटलेला, आज दिवस बुडासर बसवून ठेवतीत," ती म्हणाली. "ठेवूकच होया होता. मिया तेंका जन्मभर..."

ती गडग्यालाच टेकली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"माका वायचसुद्धा ताटकळत ठेवूक नाय रे तेंनी."