परकोटाखालची चूल

मूर्तिजापूरकडे जाणारी गाडी अकोल्याच्या फलाटाला लागली, तेव्हा आमच्या सगळ्यांत बाबाच जास्त बोलत होते. "एलिचपूर का विलायतेत आहे काय? मूर्तिजापुरात लहानी गाडी धराची अन् झालं. कावून रडून राह्यली?" असं मला दटावायचे आणि स्वतःच उपरण्यानं नाक पुसायचे. गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. बाळापूरच्या माळ्याची लेक नवऱ्याबरोबर परगावी मक्त्याची बाग करायला निघाली होती, एवढीच ती गोष्ट. पण मला मुळासकट उपटल्यासारखं झालं होतं. तुम्ही मागे राहिलात, भावांनो, तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांना सांगायची गरज नाही.

एलिचपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी. किल्ला आपल्या बाळापूरलाही आहे, म्हणून भिंतींचं मला फार कौतुक नव्हतं. पण इथे अख्ख्या गावालाच नवाबाचा परकोट. आमची बाग त्याला लागून, बाहेरच्या अंगाला. मोगरा दर्ग्याकडे जायचा, झेंडू देवळांकडे, वांगी बाजारात. हळूहळू माझ्या तोंडात भाजीची तरकारी झाली, आळीचा मोहल्ला झाला. शेजारपाजार मायेचा मिळाला. मूल मात्र झालं नाही.

काही वर्षांनी बाबा मला भेटायला आले, ते खांद्याला शिदोरी आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊनच. आपल्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी अन्नपाणी घेत नाही. मी पाण्याचा गडवा पुढे केला, तर त्यांनी हात जोडले. "नातू होऊ दे माय, मंग पोटभर जेवतो." बोलले प्रेमानंच, पण माझ्या काळजाला घरं पडली. नातू होणार नाही हे मला तोवर कळून चुकलं होतं. म्हणजे माझ्या हातचा घास बापाच्या पोटात कधीच जायचा नाही, हेही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची शिदोरी संपली. भूक लागली तरी ते कबूल करणारे नव्हते.

घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा मी म्हटलं, चला, तुम्हाला राजधानी दाखवते. आधी हौज कटोऱ्याला गेलो. हौदाच्या मधोमध तो देखणा मनोरा. लोक लांबून बघायला येतात. बाबांनी सभोवार नजर फिरवली आणि म्हणाले, "येवढा हौद बांधला अन् एकबी वाफा नाई?" परकोटाच्या दुल्हा दरवाजाखाली उभे राहिले, तर वर बघायच्या ऐवजी फटीत उगवलेला पिंपळ किती जुना, ते बघू लागले. मग मी माझं एलिचपूर दाखवायला काढलं. दर्ग्यामागे हार ओवणाऱ्या म्हाताऱ्या, बांधातून डोकावणारी खापराची जुनी नळी, आणि बोळाच्या टोकाची कोणाला फारशी ठाऊक नसलेली पायविहीर. नळीपाशी बाबा उकिडवे बसले आणि पाणी कुठून कुठे जात असेल ते हातानं मला दाखवत राहिले. पायविहिरीवर मी तांब्या भरून दिला, तो त्यांनी घटाघटा रिकामा केला.

मी बघतच राहिले. पाणी काढलं मी, दिलं मी, आणि ते प्यायले! विहीर माझी नव्हती, एवढंच.

तिथून मी त्यांना बागेत नेलं. वांगी तोडली, परकोटाच्या सावलीला तीन दगड मांडले आणि शेजारणीकडून पीठ मागून आणलं. ज्वारीची भाकर तव्यावर पडली, तसे बाबा सावध झाले.

"हे वावर कोणाचं?"

"मालक दुसरा आहे, बाबा. आमचा नुसता मक्ता."

"अन् चूल?"

"गोटे आहेत. आत्ताच मांडले."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझे हात पिठात आणि डोळे भरलेले. "नवाबाच्या भिंतीखाली बसून जेवाले मले कोन नाई म्हनते?" म्हणाले आणि मांडी घालून बसले. भरीत-भाकर असे जेवले, की मला पुन्हा पीठ मागायला जावं लागलं. मी मनमोकळी रडले. ते भाकर मोडत राहिले.

पुढे ते दरवर्षी यायचे. शिदोरी आणायची त्यांनी सोडून दिली. निजायला घरी, जेवायला परकोटाखाली. घरात मात्र त्यांनी शेवटपर्यंत घोटभर पाणी घेतलं नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही.

ते गेले तेव्हा मी बाळापूरला आले होते. शेजारच्या काकू जवळ बसून म्हणाल्या, "तुया बाप तुया घराचं लय सांगे वं." मला नवलच वाटलं. माझं घर म्हणजे दोन खणांचं, आणि त्यातही ते कधी जेवले नाहीत. काय सांगायचे, असं विचारलं.

काकू म्हणाल्या, "म्हने, माया पोरीचं घर भल्लं मोठं आहे. नवाबानं त्याले परकोट बांधून देल्ला."