बिरोबाचे पाच ठिपके

काजलच्या हातावरचं गोंदण मी काढायला लावलं. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण ते मागे ठेवलं तर मी कारणं सांगत बसेन, आणि कारणं सांगण्यात मी तरबेज आहे. अकरा वर्षं पुण्याच्या विमानतळावर एका स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीच्या काउंटरवर उभा होतो. विमानाला उशीर झाला, बॅग दोन किलो जास्त भरली, की लोक शिव्या मला द्यायचे आणि मी हसून कारणं सांगायचो. तिथे गिळलेला सगळा राग घेऊन मी सांगलीला आलो आणि केबिन क्रूचा क्लास काढला. जत, पाटण, मेढा, कुठून कुठून मुली येतात. चालणं, अंबाडा, ट्रॉली ढकलणं, उर्मट प्रवाशापुढे चेहरा शांत ठेवणं हे मी त्यांना शिकवतो. शिकवताना माझा स्वतःचा आवाज मात्र सदा चढलेला असायचा. काउंटरवर जे कुणाला बोलता आलं नाही ते मी या पोरींना बोलत होतो, आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

काजल कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवरची. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. अपघाताच्या वेळी विमान रिकामं करतानाचे हुकूम मोठ्याने द्यावे लागतात, तिथे भल्याभल्या मुलींचा आवाज बसतो. काजलने पहिल्यांदा "सामान सोडा, इकडून बाहेर" असा हुकूम दिला तेव्हा खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला जिना चढून धावत वर आला. ती म्हणाली, "सर, मेंढरं माळाच्या पल्याड गेली की असंच वरडावं लागतंय." इतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. तिच्या उजव्या मनगटाच्या जरा वर पाच हिरवे ठिपके होते. लहानपणी ती महिनाभर तापाने पडली होती. उठली तेव्हा आईने नवस फेडला आणि आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेत तिचा हात गोंदवून घेतला.

अर्ध्या बाहीच्या गणवेशात दिसेल असं गोंदण या कंपन्यांना चालत नाही. मुलाखतीला हात उलटेपालटे करून बघतात, बाजारात जनावर बघावं तसे. या प्रकाराचा मला आजही संताप येतो. पण तो नियम मला ठाऊक होता, आणि प्रवेशाच्या दिवशीच मी तो हात पाहिला होता. मी गप्प बसलो. ती निवडली जाणार याची मला खात्री होती, आणि गणवेशातला तिचा फोटो क्लासच्या भिंतीवर लावायची घाई होती. मुलाखत महिन्यावर आली तेव्हा सगळ्या मुलींसमोर मी तिचा हात वर करायला लावला आणि विचारलं, हे घेऊन जाणार का मुलाखतीला?

"सर, ते बिरोबाचं हाय," ती म्हणाली. घाबरली की तिची घरची बोली आणखी दाट व्हायची.

"बिरोबा विमानात बसत नाही," मी म्हणालो.

मुली हसल्या. मीही हसलो. माझ्या देव्हाऱ्यात पालीच्या खंडोबाचा टाक आहे. रोज सकाळी मी कपाळाला भंडारा लावतो आणि क्लासला निघताना तोंड धुतो. त्या दिवशीही धुऊनच गेलो होतो.

गोंदण नीट काढायचं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे कित्येक महिने लागतात, हे मी आधी विचारून ठेवलं होतं. तितका वेळ नव्हता. मिरजेत एक जण टॅटू गोंदून द्यायचा आणि एका बैठकीत पुसूनही द्यायचा. त्याच्याकडे काय औषध आहे, तो कुठे शिकला, मी काहीच विचारलं नाही. पत्ता मीच लिहून दिला.

तिथे जाऊन आल्यावर काजल दोन दिवस क्लासला आली, हाताला पट्टी बांधून. मग यायची बंद झाली. फोनही बंद. सराव मुलाखतीच्या दिवशी तिची खुर्ची रिकामी बघून माझं डोकं फिरलं. आता कच खाल्ली हिने, माझं नाव घालवणार, असं बडबडत मी क्लास अर्ध्यात सोडला आणि गाडी काढून थेट तिच्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं की पोरीला लय ताप हाय, बापानं बनात नेलंय. बन म्हणजे आरेवाडीचं बिरोबाचं देऊळ. हे ऐकून तर मी पेटलोच. ताप आलाय आणि देवळात नेतात म्हणजे काय माणसं ही, असं मनात म्हणत मी गाडी दामटली.

देवळाजवळ झाडाखाली घोंगडीवर काजल पडली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला, पट्टीतून पू झिरपत होता. तिचे वडील, तात्या, शेजारी बसले होते. मी विचारपूस केली नाही. पोरगी मरायला टाकली का, डॉक्टर मेलेत का, असं वाट्टेल ते बोललो. तात्या माझ्याच वयाचे, खाली मान घालून ऐकत राहिले. डॉक्टरकडे ते तिला दोनदा घेऊन गेले होते, पण काजलने डॉक्टरांना गरम तेलाचा चटका बसला म्हणून सांगितलं होतं. बनात न्या म्हणून तिनेच हट्ट धरला होता. तिला बिरोबाची माफी मागायची होती.

माझा आरडाओरडा ऐकून एक बाई पुढे आल्या. साठीच्या असतील, खांद्याला पिशवी. पाटणकडच्या होत्या, जतला बहिणीकडे निघाल्या होत्या आणि वाटेत देवाला हात जोडावेत म्हणून एस. टी.तून उतरल्या होत्या. मिलिटरीच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, हे त्यांनी नंतर गाडीत सांगितलं. त्यांनी पट्टी सोडली, हात उन्हात धरला आणि कोपराच्या वर चढलेल्या एका लाल रेघेवर बोट ठेवलं.

"गाडी कुनाची हाय? तुमची? मग भांडान मागनं करा. ही रेघ काखेत गेली तर हात ऱ्हायचा न्हाई."

मिरजेपर्यंत त्या मागच्या सीटवर काजलचा हात उंच धरून बसल्या. मी खड्ड्यात गाडी आदळली की म्हणायच्या, "आवं सर, पोरगी हाय, पोतं न्हाई." दवाखान्यात त्यांनीच डॉक्टरांना नीट सगळं सांगितलं. लगेच शस्त्रक्रिया झाली. एक दिवस उशीर झाला असता तर हाताचं काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाईंना शोधायला बाहेर आलो तर त्या निघून गेल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं.

तात्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. "सर, दवाखान्यात न्यायला गाडी मिळंना म्हणून मी बिरोबाला बोललो, आता तूच बघ. आन् तुमी आला. देवानंच धाडलं तुमास्नी." मी तो भंडारा लावून घेतला आणि पत्ता मीच दिला होता हे लपवलं. काजलने घरात सांगितलं होतं की गोंदण तिने आपल्याच मनाने पुसून घेतलं. माझं नाव तिने तापातही घेतलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी खंडोबापुढे बसलो की भांडत असे. मला शहाणपण यायचं तर माझा हात सुजला असता. त्या पोरीचा का? ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, देवाने तुम्हाला धडा दिला. या वाक्याची मला चीड येते. माझ्या धड्यासाठी देव एका पोरीचा हात कुजवेल हे मी मानत नाही. तो हात मी कुजवला. पण एक गोष्ट मला कोड्यात टाकते. मी त्या दिवशी आरेवाडीला गेलो तो दयेने गेलो नव्हतो, रागाने गेलो होतो. तो राग नसता तर तिथे गाडी नसती. माझ्यातलं सगळ्यात वाईट जे होतं त्यालाही कुणीतरी कामाला लावलं, आणि मी बरोबर होतो म्हणून ते घडलं असं म्हणायची सोय मला ठेवली नाही. आधी मला वाटायचं की देवापुढे आपलं चांगलं तेवढं ठेवायचं असतं. आता जे आहे ते ठेवतो.

काजल घरी आल्यावर एका रविवारी मी वस्तीवर गेलो. हाताला मोठा व्रण राहणार होता, आणि व्रणही या कंपन्यांना चालत नाही. म्हणजे ते दार तिच्यासाठी बंद झालं होतं. तात्यांनी मला घोंगडीवर बसवलं. भावकीतली चारपाच माणसं जमली होती, त्यांना ते माझीच गोष्ट सांगत होते. ऐकून एक जण म्हणाले, "सर, आमची बी एक पोरगी बारावी झालीय. तिला घ्या की तुमच्यात. तुमच्यासारख्या देवमाणसाच्या हाती दिली की आमाला घोर न्हाई."

चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. काजल दारात उभी होती. मी काय बोलणार हे तिला कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या की." क्लासमध्ये मी माफीची वाक्यं घोटून घेतो, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत अशी. तसलंच एक तोंडात आलं. ते गिळून मी हात जोडले.

"तात्या, देवमाणूस म्हणू नका. गोंदण मी काढायला लावलं. त्या माणसाचा पत्ता मी दिला. हात बिघडेल का, हा विचारसुद्धा मी केला नाही. काजल खोटं बोलली ती मला वाचवायला. काजल, सगळ्यांसमोर मी तुझ्या देवाला हसलो, तुला हसलो. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येत नाही. माझं चुकलं. मला माफ करावंसं वाटलं नाही तर करू नकोस, पण माझं चुकलं."