मेलेला चॅनेल आणि लुसियाची नऊ मिनिटं

"सॉरी मॅडम, एक मिनिट थांबा," म्हणत मी तिसऱ्यांदा स्टेजवर चढलो, तेव्हा लुसियाच्या कपाळावर आठ्या होत्या.

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागात डासांवर संशोधन करणाऱ्यांची परिषद होती. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच बोलणारे साठेक लोक. भाषांतराची यंत्रणा आमच्या कंपनीची, इंजिनिअर मी. आयोजकांनी फक्त सिंगापूरच्या चार पाहुण्यांसाठी इंग्रजी मागितलं होतं. मीच बॉसला पटवून रिले लावला. रिले म्हणजे एक दुभाषी पोर्तुगीजचं इंग्रजी करतो, त्या इंग्रजीचं दुसरा स्पॅनिश करतो. इंग्रजीवाचून जगाचं पान हलत नाही, ही माझी पुण्यापासूनची समजूत. शिवाय चहानंतर याच यंत्रणेचा डेमो होता आणि त्यावर माझं प्रमोशन.

लुसिया ब्राझीलची. भाषणाच्या वीस मिनिटांत एखादी परदेशी लॅब जोडीला मिळवली नाही, तर तिचा प्रोजेक्ट बंद पडणार होता. नेमका तेव्हाच स्पॅनिश चॅनेल मेला. तिला थांबवून मी केबल बदलली. पुन्हा मेला, पुन्हा थांबवलं. अशी तीन वेळा मिळून नऊ मिनिटं मी खाल्ली.

पहिल्या रांगेतले इटालियन प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "हे कोणासाठी चाललंय?"

मी हॉलकडे पाहिलं. सिंगापूरचे चार पाहुणे सोडले, तर एकाच्याही कानाला हेडफोन नव्हता. लुसिया सावकाश पोर्तुगीज बोलत होती, स्लाइड फ्रेंचमध्ये होत्या, आणि बाकी सगळ्यांना कळत होतं. या भाषा सख्ख्या बहिणी. मी राहतो त्या यिशुनला शेजारचे पटेलभाई गुजरातीत आणि मी मराठीत तासभर गप्पा मारतो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तिची वेळ संपली. मुद्द्याची स्लाइड राहूनच गेली. चहाच्या वेळी ती कोपऱ्यात डोळे पुसताना दिसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बॉसला, मिस्टर टॅनना गाठलं.

"सर, डेमोची वेळ तिला देऊ या."

"मग तुझं प्रमोशन हाऊ?" त्यांनी सिंगापुरी ढंगात विचारलं.

"आता डेमो दिला तर लोक हसतील."

त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवरचा डेमो पेनाने खोडला. "ओके लाह. पण अनाउन्स तू करायचं."

मी चौथ्यांदा स्टेजवर चढलो. हॉलभर उसासे ऐकू आले. लुसियाला वेळ दिल्याचं सांगितल्यावर मात्र टाळ्या पडल्या. तिचं बोलणं संपताच प्रोफेसर तिच्याकडे गेले. ती पोर्तुगीजमध्ये, ते इटालियनमध्ये. त्यांच्या लॅबशी जोडी तिथेच ठरली. माझं प्रमोशन त्या वर्षी हुकलं.

तेव्हापासून यंत्र बंद पडलं, की स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी मी विचारतो, कोणाचं काही अडलंय का? बहुतेक वेळा कोणाचंच नसतं.