केशरी ठिपक्याचं बारसं

काचेच्या बशीत आज पुन्हा तो केशरी ठिपका उगवलाय. प्रयोगशाळेमागच्या चिंचेखालच्या मातीतला हा जिवाणू नव्या जातीचा आहे, मी सुचवलेलं नाव मान्य करा, असं नियतकालिकाच्या परीक्षकांना मी किती वेळा लिहायचं? कधी त्यांना रंग खटकतो, कधी आकार. वर म्हणतात, त्याच्या भावकीशी पुन्हा ताडून पाहा! अहो, वेगळं असायचं म्हणजे एखाद्यानं किती वेगळं असायचं? तो आपला निवांत वाढतोय. वैताग सगळा माझ्या वाट्याला.

तेवढ्यात आईचा फोन आला. “ठेवलं का गं एकदाचं त्याचं नाव?”

“कुठलं! सगळे नुसती नावं ठेवताहेत.”

“माझं उलट झालं,” आई म्हणाली. “सासरी पहिल्याच दिवशी नवं नाव ठेवलं, आणि मग जन्मभर नावं ठेवली.”